अपेक्षांचा रकाना

समाजाच्या उपवर-वधू परिचय मेळाव्याचा फॉर्म यंदा मोबाईलवर भरता आला पाहिजे, असं समितीच्या बैठकीत ठरलं आणि ते काम कोणी करायचं हेही त्याच दमात ठरलं. रंजीता त्या बैठकीला नव्हतीच. ती गडचांदूरच्या एका खाजगी शाळेत कम्प्युटर शिकवायची आणि चार वर्षांपूर्वी सासर सोडून वडिलांकडे राहायला आली होती. एवढ्या दोन गोष्टींवरून तिला भरपूर वेळ असतो असा साऱ्या समाजाचा समज झालेला होता. तिचे वडील सोमाजी बैठकीहून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "फॉर्म तू बनवून देशीन म्हून सांगून आलो."

"मले विचारलं तरी कोणी?"

"त्यात काय विचारायचं? एक पानाचं तर काम हाये."

त्या एका पानाने दिवाळीपासून तिचा जीव खाल्ला.

समितीचे सचिव हेमराजभाऊ हे सोमाजींचे जुने मित्र. जन्मभर ग्रामसेवक होते, त्यामुळे कागदाचं त्यांना भारी वेड. निवृत्त झाल्यावर कागद गेले, मग मेळाव्याची पुस्तिका हेच त्यांचं दफ्तर झालं. एका पानावर चार उमेदवार, डाव्या बाजूला फोटो, उजवीकडे नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, मामेकूळ, आणि सगळ्यात खाली 'अपेक्षा'. त्या रकान्याला जागा उरली दोन ओळींची.

"काकाजी, दोन ओळींत काय मावणार?" रंजीताने विचारलं होतं.

"लय झालं. अपेक्षा म्हंजे काय, नोकरीवाला पाह्यजे नाई तर शेतीवाला. दोन ओळी तर बाकी उरतीन."

रंजीताने फॉर्म केला. पहिल्या खेपेला तिने असं ठेवलं, की मजकूर जास्त झाला तर अक्षर आपोआप बारीक होऊन रकान्यात बसावं. तिसऱ्याच दिवशी हेमराजभाऊंचा फोन आला. एका बापाने अख्खं पान लिहिलं होतं आणि ते सारं दोन ओळींच्या जागेत कोंबून बसलं होतं. "हे अक्षर हाये का मुंग्यायची रांग? भिंग घेऊन वाचू का मी?"

मग तिने अक्षर ठरावीक मापाचं केलं आणि रकाना भरला की पुढे टाइपच होऊ नये अशी सोय केली. त्यावर रोज दहा-बारा फोन सुरू झाले, की फॉर्म हँग झाला. हँग झालेला नाही, जागा संपली आहे, हे तिने वर्गात शिकवताना, भाजी घेताना, बसस्टॉपवर उभी असताना सांगितलं. शेवटी तिने रकान्यावर एक सूचना टाकली, 'कृपया दोन ओळींतच लिहावे.' ती सूचना हेमराजभाऊंनी काढायला लावली. लोकांना अपमान वाटतो म्हणे.

"मंग मी करू काय, काकाजी?"

"लिहू दे न बापा लोकायले. अडवू नको. एवढंच कर."

तिने अडवणं बंद केलं. आता लिहिणारा कितीही लिहू शकत होता, मजकूर रकान्यात वर सरकत जायचा आणि खालच्या कोपऱ्यात एक बारीकसं अधिकचं चिन्ह उमटायचं. पण ते मोबाईलच्या पडद्यावर. छापायला घेतलं की पहिल्या दोन ओळी तेवढ्या यायच्या, बाकीच्या नाही. हे तिने हेमराजभाऊंना एकदा तोंडी सांगितलं, एकदा मेसेजवर लिहिलं, आणि एकदा लॅपटॉप उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं. ते हो हो म्हणाले. तीनशे बारा फॉर्म आले, त्यांची कच्ची पुस्तिका जुळवून तिने फक्त त्यांना तपासायला पाठवली. त्यांनी ती त्याच दिवशी समाजाच्या चार ग्रुपवर टाकून दिली. खाली लिहिलं, 'सर्वांनी आपापली माहिती तपासून घ्यावी.'

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, रंजीता दारात वाळत घातलेले पापड उचलत होती. फाटकापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. हाताला धरून एक म्हातारी बाई. त्या बाईची नजर समोर होती, पण पाय चाचपत पडत होते.

"रंजीता मॅडम इथीच राह्यतेत का?"

मुलीचं नाव दिव्यानी. मुलचेऱ्याहून आली होती, तिथल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची. सोबत तिची आई गुणाबाई. पहाटेची पहिली गाडी धरून आष्टी, तिथून गोंडपिपरी, तिथून बल्लारशा आणि राजुरा करत दोघी आल्या होत्या. रंजीताने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. दिव्यानीने आपला मोबाईल टेबलावर ठेवला आणि पुस्तिकेचं पान उघडून दाखवलं.

तिच्या फोटोखाली अपेक्षांच्या रकान्यात छापलं होतं: 'नोकरी, शेती, धंदा, काहीही चालेल. वय जास्त असलेला, दुसरेपणाचाही चालेल,'

स्वल्पविरामाशी मजकूर तुटला होता.

"याच्या पुढं मी लिवलं होतं," दिव्यानी म्हणाली, "की पण लग्नानंतर माझी आई माझ्याजवळच राहील. तिले दिसत नाई. हे कबूल असेल तरच फोन करावा. एवढंच तं मेन होतं, मॅडम. बाकीचं सगळं त्याच्यासाठीच कबूल केलं होतं मी."

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"तुमीच घ्या," दिव्यानी म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "काल दिवसभरात एकोणीस आले. दुकानात गिऱ्हाईक उभं अन् मी फोनवर."

रंजीताने फोन घेतला. पलीकडे कोणी गृहस्थ होते, बोलण्यात घाई नव्हती. वय बावन्न, पोरी दोन्ही उजवल्या, घर मोठं आहे. "वय चालते म्हून लिवलं हाये, म्हून केला फोन. कधी येऊ पाह्यले?"

"भाऊ, ते अर्धंच छापलं हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे लिहायची जागा छोटी होती. पुढचं वाक्य कापल्या गेलं."

"मंग पुढं काय हाये?"

रंजीताने पुढचं वाक्य सांगितलं. मग ते म्हणाले, "असं असन तं पयलेच लिवायले पाह्यजे न. लोकायचा टाइम जाते." आणि फोन बंद झाला.

गुणाबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्या म्हणाल्या, "मी म्हणलं होतं पोरीले, माझं नाव नको टाकू त्याच्यात. मी राहीन भावाकडं. आयकतच नाई."

"तू गप राह्य माय," दिव्यानी म्हणाली. मग रंजीताकडे वळली. "कापायचंच होतं तं वरचं कापायचं होतं, मॅडम. खालचं कायले कापलं?"

मी सांगितलं होतं, तीनदा सांगितलं होतं, हे रंजीताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकायला ही पोरगी आंधळ्या आईला घेऊन इतक्या गाड्या बदलून आली नव्हती. तिने दोघींना जेवायला वाढलं, राजुऱ्याच्या गाडीत बसवून दिलं आणि परत येताना वाटेतच हेमराजभाऊंचं घर गाठलं.

हेमराजभाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "एक शुद्धिपत्र जोडून देऊ शेवटी."

"काकाजी, तीनशे बारा फॉर्म हायेत. मी मोजले. एकशे चाळीस फॉर्मात मजकूर कापल्या गेला. कोणी काय लिवलं होतं अन् काय छापल्या गेलं, तुमाले माहीत हाये का? एकानं लिवलं, घटस्फोटित चालणार नाही असं नाही. छापलं, घटस्फोटित चालणार नाही. उलटं झालं सारं."

"मंग तुझं म्हणणं काय?"

"रकाना वाढला पाह्यजे. जो जेवढं लिहीन, तेवढा."

हेमराजभाऊंनी शेंगा खाली ठेवल्या. "अन् एका पानावर चार?"

"नाई बसणार चार. कुठी तीन बसतीन, कुठी दोन."

इतकी वर्षं एका पानावर चार. ही गोष्ट त्यांना ग्रामपंचायतीच्या नमुन्याइतकी पक्की वाटत होती. ते वाद घालत राहिले. पानं किती होतील ठाऊक नाही, छापखानेवाला ऐकणार नाही, मेळावा तीन आठवड्यांवर आला. रंजीताने तिथल्या तिथे छापखान्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मोबाईल शेंगांच्या सुपात ठेवला.

राजुऱ्याचे नूरुद्दीनभाई या समाजाच्या पुस्तिका कित्येक वर्षं छापत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हेमराजभाऊ, सोला पानांचा एक फर्मा असतो. तुमचे ऐंशी पानं म्हंजे पाच फर्मे. आता जे होईल ते होईल, फक्त सोलाच्या हिशोबात आणून द्या. आठ दिवस आधी फाइल पाह्यजे. डब्बा छोटा-मोठा असला तर मशीनले काय फरक पडते?"

हेमराजभाऊंना फरक पडत होता, पण आता बोलायला जागा नव्हती.

रंजीताने जुना फॉर्म फेकून दिला. नव्याला तिने ऑनलाइन रकाना ठेवला, लिहिणाऱ्यासोबत खाली खाली वाढत जाणारा. तिथून मजकूर पुस्तिकेच्या तक्त्यात ओतायचा. तिथे रकान्याची उंची ठरवताना दोन पर्याय असतात, 'इतकीच' आणि 'किमान इतकी'. 'इतकीच' ठेवलं की जास्तीचा मजकूर मुकाट झाकला जातो. 'किमान' ठेवलं की रकाना मजकुराबरोबर वाढतो. एवढ्याशा फरकासाठी महिना गेला, म्हणून तिला स्वतःच्याच डोक्यात काही मारून घ्यावंसं वाटलं. हेच आधी का केलं नाही? कारण एका पानावर चार.

पण खरा ताप पुढेच होता. आधी अडवल्यामुळे कित्येकांनी आखडतं लिहिलेलं, म्हणून तीनशे बाराही जणांना पुन्हा लिहायला सांगायचं. धान कापणीचे, मळणीचे दिवस. कोणी शेतातून बोलायचं, कोणी कापसाच्या गाडीवरून. "एकदा भरला न आमी," हे वाक्य तिने तीनशे वेळा ऐकलं. शाळेतल्या मधल्या सुट्टीत ती मुलांसारखी कोपऱ्यात डबा घेऊन बसायची आणि एका हाताने फोन लावायची. मुख्याध्यापक दोनदा बघून गेले.

आणि लोकांनी लिहिलं. रकाना वाढतो म्हटल्यावर जे लिहिलं, ते वाचून तिला कळेना की हसावं की लॅपटॉप बंद करून पापड लाटायला बसावं. पुष्कळांनी बोलून टाइप केलं होतं, त्यामुळे पूर्णविराम कुठेच नाही आणि मधेच 'अगं कुकर बंद कर' असंही उतरलं होतं. एकाने सोळा ओळींत आपल्याला काहीही अपेक्षा नाही असं सांगितलं होतं. एका बापाने मुलाच्या मोटारसायकलचं वर्णन दिलं होतं, लिटरमागच्या ॲव्हरेजसकट. एका मुलीने लिहिलं होतं की तिला लग्नच करायचं नाही, फॉर्म आईने भरला आहे, तरी हा फॉर्म काढून टाकावा आणि आईला सांगू नये.

हेमराजभाऊंचा रोजचा आवाजी मेसेज यायचा. "रंजीता, हे मोटारसायकलवालं काप." "रंजीता, दहा ओळीची मर्यादा टाक." "रंजीता, एकशे वीस पानं झाले म्हंते, हे का पुस्तिका होय का ग्रंथ?" तिने दोनच गोष्टी केल्या. त्या मुलीचा फॉर्म काढला, आणि कुकर तेवढा काढला. बाकी कोणाच्या एका शब्दाला हात लावला नाही.

फाइल नूरुद्दीनभाईंकडे जायच्या आदल्या दिवशी हेमराजभाऊ स्वतः घरी आले. सोमाजी बाजारात गेले होते. हेमराजभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले. रंजीताने चहा ठेवला, तो तसाच राहिला.

"प्रणितचा फॉर्म पाह्यला का तू?"

प्रणित त्यांचा मुलगा, एकोणतिशीचा, माजरीला राहायचा. पहिल्या खेपेला त्याचा फॉर्म हेमराजभाऊंनी भरला होता: 'कोळसा खाणीत नोकरी. अपेक्षा: शिकलेली, घरकामात हुशार.' दुसऱ्या खेपेला रंजीताने साऱ्यांनाच थेट लिंक पाठवली होती, त्यामुळे तो प्रणितने भरला. तिने तो वाचला होता. प्रणितने लिहिलं होतं:

'वडिलांनी आधी नोकरी असं लिहिलं होतं. मी खाणीवर ठेकेदाराकडे वजनकाट्यावर काम करतो. दर मार्चला कंत्राट संपतं, एप्रिलमध्ये परत लागतं, कधी जून उजाडतो. दोन ठिकाणी सोयरीक जुळली होती. दोन्ही वेळा मुलीकडचे माजरीला चौकशीला आले आणि मोडली. त्यात त्यांचा दोष नाही. तिसऱ्यांदा मला तसं नको. हे वाचून ज्यांना फोन करावासा वाटेल त्यांनीच करावा. मला स्वयंपाक येतो.'

"पाह्यला," रंजीता म्हणाली.

"त्या एकाच रकान्याले पयल्यावानी ठेवता येईन का? दोन ओळीचा? तू म्हणत होती न, इतकीच का काय ते. त्याचं लिवलेलं तं राहीनच आत. आपण कापलं असं होत नाई."

महिनाभर ज्या माणसाला समजावून तिचा घसा बसला, त्याला 'इतकीच' आणि 'किमान' यांतला फरक अखेर नेमका कळला होता.

"पयल्या दोन ओळीत बी तेच हाये, काकाजी. वडिलांनी आधी नोकरी लिहिलं होतं म्हून."

"मंग एकच ओळ ठेव."

"प्रणितले विचारू का?"

"त्याले नको विचारू." हेमराजभाऊंनी कपाळावरून हात फिरवला. "रंजीता, मी सचिव हाओ. चार लोकं मले विचारतेत, पोरगं कुठी लागलं? माझं नाव जाईन. तू माझ्या पोरीसारखी. आजवर काई मांगतलं का तुले?"

मागितल्याशिवाय एक दिवस गेला नव्हता, पण ते तिने गिळलं. मग म्हणाली, "काकाजी, माझ्या सोयरिकीच्या वेळचा कागद आठोते का तुमाले? तुमीच वाचून दाखवला होता, इथीच बसून. त्याच्यात एक शब्द होता, निर्व्यसनी."

हेमराजभाऊंनी मान वर केली नाही.

"त्याईनं जे लिवून देल्लं, ते मी वाचलं," ते म्हणाले. "मले काय माहीत होतं?"

"तुमाले नव्हतं माहीत. म्हून मी तुमाले कधी काही म्हणलं नाई. पण हे तुमाले माहीत हाये न?"

चहावर साय धरली होती. हेमराजभाऊंनी तो एका घोटात संपवला, उठले आणि गेले. त्या दिवशी आवाजी मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फाइल गेली. एकशे चव्वेचाळीस पानं, बरोब्बर नऊ फर्मे. शेवटच्या पानाला जागा उरली तिथे नूरुद्दीनभाईंनी न विचारता एक वेलबुट्टी टाकली.

मेळावा चंद्रपूरच्या एका सभागृहात झाला. एरवी लोक पुस्तिका हातात घ्यायचे, फोटो चाळायचे आणि त्याच पुस्तिकेने वारा घालत बसायचे. यंदा वारा घालायला ती जड होती. त्याबद्दल कुरकूर झाली, अक्षर एकसारखं नाही म्हणून झाली, एका पानावर दोनच का म्हणूनही झाली, आणि प्रत्येक कुरकूर हेमराजभाऊ हात लांब करून रंजीताकडे पाठवत होते. पण मंचावर उमेदवारांची नावं पुकारली जात असताना निम्मं सभागृह खाली मान घालून वाचत होतं. निवेदकाला तीनदा सांगावं लागलं की कृपया मंचाकडे लक्ष द्या.

दिव्यानी आईला घेऊन आली होती. सुधारलेलं पान ग्रुपवर पडल्यापासून तिला दोनच फोन आले होते. एक तिने स्वतःच नाकारला होता. दुसऱ्याच्या आईने गुणाबाईंशीच पाऊण तास गप्पा मारल्या होत्या, डोळ्यांच्या औषधापासून वांग्याच्या भाजीपर्यंत. "पोराशी अजून बोलली नाई मी," दिव्यानी म्हणाली. "त्याची माय मात्र लय बोलते." ती हसली. रंजीताने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

जेवणाच्या रांगेत रंजीताला हेमराजभाऊ दिसले. भिंतीकडच्या टेबलाशी उभे, ताट तसंच हातात. समोर एक गृहस्थ पुस्तिकेत बोट घालून उभे होते. रंजीता वरण घ्यायला थांबली आणि ऐकू आलं.

"हा पोरगा तुमचा का?"

"हो," हेमराजभाऊ म्हणाले.

"कंत्राटी हाये म्हंते."

हेमराजभाऊंनी ताट खाली ठेवलं. रंजीताला वाटलं, आता ते काहीतरी जोडतील, कायम होणार आहे, साहेबांशी बोलणं झालं आहे. ते म्हणाले, "हो. कंत्राटीच हाये. यंदा एप्रिलात नाई लागला तं मे-जूनपर्यंत घरीच राह्यते. मंग शेतात येते माझ्यासंगं."

"आमची पोरगी बी नर्स हाये, कंत्राटीच," ते गृहस्थ म्हणाले. "दर अकरा महिन्याले सही. पोरगा आलाय का इथी?"

प्रणित आला होता. खुर्च्या उचलणाऱ्यांत कुठेतरी होता. त्याला हुडकायला हेमराजभाऊ जेवण टाकून स्वतः गेले.

त्यातून काय निघालं हे कळायला वेळ होता. मुलगी माजरीला येऊन काम बघून गेली, एवढं सोमाजींच्या बोलण्यातून रंजीताला पुढे समजलं. हेमराजभाऊ तिच्याशी जवळजवळ महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस शाळा सुटताना त्यांचा आवाजी मेसेज आला, या वेळी सुरुवातीला 'रंजीता' नसलेला: "पुढच्या वर्षी शिक्षणाच्या रकान्यालेबी वाढवजो. लोकं कुठी कुठी शिकतेत अन् सोडतेत, दोन शब्दात बसत नाई. अन् पानं एकशे साठच्या वर जाऊ देजो नको."

रंजीताने तो दोनदा ऐकला. मग फोन पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडून गडचांदूरच्या बाजाराकडे चालू लागली. सिमेंटचे ट्रक जात होते, आणि तिला उत्तर द्यायची मुळीच घाई नव्हती.